पहिला शरीरसंबंध: वेळ कोण ठरवतं?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशभरातल्या स्त्री-पुरुषांना पहिला शरीरसंबंध कोणत्या वयात आला हे विचारलं गेलं. २५ ते ४९ वयाच्या निम्म्या स्त्रियांच्या आयुष्यात तो साधारण १९व्या वर्षापर्यंत आलेला होता. पुरुषांच्या बाबतीत हाच टप्पा २४-२५व्या वर्षी येतो. मुली मुलांच्या वर्ष-दोन वर्षं आधी वयात येतात हे खरं, पण एवढ्याने पाच-सहा वर्षांचं अंतर पडत नाही. ते पाडलं आहे लग्नाने. मुलगी लवकर बोहल्यावर चढते, मुलगा उशिरा चढतो, आणि बहुतेकांचा शरीरसंबंध लग्नाबरोबरच सुरू होतो.

या आकड्यांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. ही वेळ ठरवणारी व्यक्ती बहुतेकदा आपण स्वतः नसतोच. घर, जात, गाव, शिक्षण, मित्र, जोडीदार आणि हातातला फोन असे सगळे मिळून ती ठरवत असतात. १८ ते २५ वयातल्या वाचकांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी या दबावांची नीट ओळख करून घ्यावी, म्हणून हा लेख. कुणी ढकलत असेल तर ते कळावं, कुणी अडवत असेल तर तेही कळावं, आणि शेवटी जो निर्णय होईल तो तुमचा असावा, एवढंच त्याचं म्हणणं आहे.

दहा-पंधरा वर्षांची नवी पोकळी

मुलीचं शरीर कधी कुणाच्या हाती जावं यावर महाराष्ट्रात सव्वाशेहून अधिक वर्षं वाद चालू आहे. कलकत्त्यात फुलमणी दासी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलीचा नवऱ्याच्या संभोगामुळे मृत्यू झाला आणि देश हादरला. त्यानंतर १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. त्याने मुलीच्या संमतीचं वय १० वरून १२ केलं. परक्या सरकारने धर्मात हात घालू नये म्हणून टिळकांनी या कायद्याला विरोध केला, तर आगरकरांनी ‘सुधारक’मधून त्याची पाठराखण केली. पुढे १९२९च्या शारदा कायद्याने मुलीचं लग्नाचं किमान वय १४ ठरवलं, आणि १९७८ मध्ये ते मुलीसाठी १८ आणि मुलासाठी २१ झालं.

आपल्या पणजीच्या काळात न्हाण येणं आणि सासरी नांदायला जाणं यांत फारसं अंतर नसे. आज मुलीला पाळी बाराव्या-तेराव्या वर्षी येते आणि शिकलेल्या शहरी घरांत लग्न पंचवीस, अठ्ठावीस, कधी तिशीतही होतं. मधली दहा-पंधरा वर्षं ही पूर्णपणे नवी गोष्ट आहे. या वर्षांत शरीर जागं असतं, मन कुणावर तरी जडतं, आणि अनेक जण घरापासून लांब राहत असतात. लातूरचा मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, चिपळूणची मुलगी बेंगळुरूला पीजीमध्ये राहून नोकरी करते. या वर्षांत कसं वागावं याचा कुठलाही धडा आजी-आजोबांकडे नाही, कारण त्यांच्या आयुष्यात ही वर्षं अशी आलीच नव्हती. जिथे घर गप्प बसतं तिथे बाकीचे आवाज मोठे होतात. त्यांतला एकेक आवाज पाहू.

त्याआधी कायदा. २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार १८ वर्षं पूर्ण न झालेल्या व्यक्तीची संमती ही संमतीच धरली जात नाही. दोघांचं एकमेकांवर प्रेम असलं, दोघंही सतरा वर्षांचे असले, तरी गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि अशी माहिती मिळाल्यास पोलिसांना कळवणं डॉक्टरांवरही बंधनकारक आहे. त्यामुळे पुढचं सगळं विवेचन १८ पूर्ण केलेल्यांच्या निर्णयाबद्दल आहे.

मित्रांचा हिशेब

होस्टेलच्या खोलीत रात्री गप्पा रंगतात. कोण कुणाबरोबर लोणावळ्याला जाऊन आला याचे किस्से होतात. ज्याच्याकडे सांगायला काही नसतं तो एक तर गप्प राहतो, नाही तर रचून सांगतो. ऐकणाऱ्याला वाटतं की सगळे पुढे गेले, आपणच मागे राहिलो. ‘अजून काहीच नाही?’ हा प्रश्न चेष्टेत विचारला जातो, पण तो खोल रुततो. मुलांवर हा दबाव फार असतो, कारण अनुभव म्हणजे मर्दानगी असा हिशेब लहानपणापासून त्यांच्या कानावर पडलेला असतो.

या समजाला आकड्यांचा आधार किती आहे? मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांनी २००६-०७ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांतल्या ५० हजारांहून अधिक तरुण-तरुणींशी बोलून मोठी पाहणी केली होती. लाजेने कुणी खरं लपवू नये म्हणून उत्तर बंद पाकिटात देण्याचीही सोय होती. लग्नाआधी शरीरसंबंध आल्याचं १५ टक्के मुलग्यांनी आणि ४ टक्के मुलींनी सांगितलं. त्यानंतर काळ बदलला आहे, शहरांत तर फारच. पण होस्टेलच्या गप्पांत ‘सगळेच’ म्हणून जे सांगितलं जातं, त्याच्या जवळपासही हे आकडे नव्हते.

माणसं इतरांबद्दल असा चुकीचा अंदाज का बांधतात, याचा मानसशास्त्रात अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस आणि डेल मिलर यांनी १९९३ मध्ये विद्यार्थ्यांच्या दारूबद्दलच्या मतांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कॅम्पसवरच्या दारूबाजीने बहुतेकांना मनातून अस्वस्थ वाटत होतं, पण प्रत्येकाला वाटत होतं की बाकीचे सगळे निवांत आहेत. शरीरसंबंधांबाबतही हेच घडतं. ज्याने केलं तो बोलतो, ज्याने केलं नाही तो गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यालाच सगळे होकार समजतात.

यावर उपाय साधा आहे. जवळच्या एकाच मित्राला किंवा मैत्रिणीला, बाकी कुणी नसताना, मोकळेपणाने विचारा: ‘तुला खरंच काय वाटतं?’ घोळक्यातलं उत्तर आणि एकट्यातलं उत्तर यांत किती फरक पडतो ते स्वतः पाहा. आणि कुणी ‘अजून काहीच नाही?’ असं विचारलंच, तर ‘नाही, मला घाई नाही’ एवढं उत्तर पुरेसं आहे. त्यापुढे खुलासा देण्याची गरज नाही.

जोडीदाराचा आग्रह

मित्रांचा दबाव अप्रत्यक्ष असतो, जोडीदाराचा समोरासमोर. ‘प्रेम आहे तर मग अडचण काय?’, ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही?’, ‘आपण लग्न करणारच आहोत ना?’, ‘बाकीच्या मुली बघ.’ ही वाक्यं पिढ्यान्‌पिढ्या तीच आहेत. त्यांत प्रश्नचिन्ह असतं, पण ‘नाही’ म्हणायला जागा ठेवलेली नसते. नातं तुटेल या भीतीने दिलेला होकार हा भीतीने दिलेला होकार असतो. हा दबाव मुलींवर अधिक येतो, पण मुलांवरही येतो. मुलगा तयार नसेल तर त्याला ‘पुरुष आहेस ना?’ असं हिणवलं जातं, आणि त्याची अडचण कुणी अडचण म्हणून मोजतही नाही.

नात्यातलं वय, पैसा आणि पद यांचं अंतरही तपासा. एकोणीस वर्षांची मुलगी आणि तिशीचा सीनियर, नवा कर्मचारी आणि त्याचा वरिष्ठ, शिकाऊ कलाकार आणि काम देणारा माणूस अशा नात्यांत ‘हो’ आणि ‘नाही’ यांची किंमत दोघांना सारखी नसते. ज्याला नकाराची किंमत जास्त मोजावी लागते त्याचा होकार मोकळा असणं अवघड आहे.

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. बलात्काराची व्याख्या करणाऱ्या तिच्या ६३व्या कलमात स्त्रीच्या संमतीचा अर्थ स्पष्ट सांगितला आहे: त्या विशिष्ट कृतीसाठी शब्दांनी, खुणेने किंवा अन्य प्रकारे दिलेली निःसंदिग्ध आणि स्वेच्छेची तयारी. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं धरता येत नाही. नशेत असल्यामुळे काय घडतंय हे तिला समजत नसेल, तर तिचा होकारही कायदा मानत नाही. याच संहितेच्या ६९व्या कलमानुसार, मनात लग्न करण्याचा हेतू नसताना लग्नाचं वचन देऊन शरीरसंबंध ठेवणं हा दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा आहे. मुलग्यांनी हे नीट वाचावं. तात्पुरतं पटवण्यासाठी लग्नाचा शब्द देऊ नका, आणि कुणाच्या गप्प राहण्याला होकार समजू नका.

व्यवहारात काय करावं? हा विषय खोलीत, दिवा मालवल्यावर काढू नका. चहाच्या टपरीवर, बागेत, फोनवर, जिथे दोघांनाही उठून जाता येतं अशा ठिकाणी आधी बोला. ‘मला अजून वेळ हवाय’ हे वाक्य मोठ्याने म्हणून पाहा. ऐकणारा त्यावर कसा वागतो यातून त्या नात्याबद्दल बरंच कळतं. जो रुसतो, धमकी देतो किंवा आठवडाभर बोलणं टाकतो, तो पुढेही तुमच्या नकाराशी असाच वागेल.

पडद्यावरचा गुरू

२०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि गावोगावच्या मुलांच्या हातात अश्लील चित्रफितींचं अमर्याद भांडार आलं. लैंगिकतेबद्दल घरात आणि शाळेत काहीच कळत नाही, त्यामुळे अनेकांसाठी त्याच चित्रफिती पहिला धडा ठरतात. तो धडा चुकीचा आहे. तिथे कुणी कुणाला विचारत नाही, थांबत नाही, निरोधाचं नाव निघत नाही, आणि स्त्रीला काय हवं-नको हा प्रश्नच नसतो. कॅमेऱ्यासमोरची ती कामगिरी असते, तुकडे जोडून रचलेली. ती पाहून मुलांना आपल्या शरीराबद्दल आणि आपण किती वेळ टिकणार याबद्दल निष्कारण धास्ती बसते. या धास्तीवरच लोकलच्या डब्यांत आणि भिंतींवर जाहिराती चिकटवणाऱ्या भोंदू वैद्यांचा धंदा चालतो. हस्तमैथुनाने दुर्बलता येत नाही, वीर्य गेल्याने शक्ती जात नाही. या भीतीवरचं कुठलंही महागडं औषध घेऊ नका. शंका असेल तर सरकारी रुग्णालयातल्या किंवा नोंदणीकृत डॉक्टरांना विचारा.

फोनचा दुसरा धोका फोटोंचा. खासगी फोटो किंवा व्हिडिओ मागणं हा आजच्या नात्यांतला पहिला दबाव झाला आहे, आणि पुढच्या मागणीसाठी तोच हत्यार बनतो. कुणी फोटो पसरवण्याची धमकी देत असेल तर पैसे देऊ नका आणि मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट काढा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा १९३० या क्रमांकावर तक्रार करा. दुसऱ्याचा खासगी फोटो त्याच्या संमतीशिवाय काढणं किंवा पुढे पाठवणं हा गुन्हा आहे. ज्याने विश्वासाने फोटो पाठवला, त्याने गुन्हा केलेला नसतो.

दारू, सहल आणि रिकामी खोली

पुणे जिल्ह्यातल्या तरुणांवर झालेल्या अभ्यासांत लग्नाआधीच्या संबंधांशी जोडलेल्या ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या, त्यांत दारू, अश्लील फिल्म आणि मित्रमंडळींचा सततचा सहवास यांचा समावेश होता. अनेकांचा पहिला अनुभव ठरवून येत नाही, तो प्रसंगाने येतो. थर्टी फर्स्टची पार्टी, गोव्याची सहल, रूममेट गावाला गेल्याने रिकामी झालेली खोली, आणि पोटात दारू. अशा वेळी निरोध जवळ नसतो, मागच्या आठवड्यात मनाशी काय ठरवलं होतं ते आठवत नाही, आणि सकाळी उठल्यावर काय घडलं याचा दोघांचा हिशेब वेगवेगळा असतो.

म्हणून निर्णय आधी करा, शुद्धीत करा. सहलीला निघण्यापूर्वी स्वतःशी स्पष्ट ठरवा की कुठपर्यंत आणि कुठे थांबायचं. पार्टीला एका विश्वासू मैत्रिणीबरोबर किंवा मित्राबरोबर जा आणि एकमेकांवर लक्ष ठेवा. आणि एक नियम काहीही झालं तरी मोडू नका: समोरची व्यक्ती नशेत असेल तर शरीरसंबंध नाही.

लग्न, पहिली रात्र आणि गोड बातमी

सामाजिक दबाव म्हटलं की मित्र आणि सिनेमा डोळ्यांसमोर येतात. पण या देशात तरुण मुलीवर सर्वांत मोठा दबाव येतो तो लग्नाच्या मार्गाने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न १८ वर्षांच्या आत झालेलं आढळलं. परभणीत हे प्रमाण निम्म्याच्या जवळ, तर बीडमध्ये ४० टक्क्यांहून जास्त होतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत कोयत्याला नवरा-बायकोची जोडी लागते, आणि वयात आलेली मुलगी मागे एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची ही आईबापांची धास्ती असते. मुलगी पळून गेली तर, गावाने नाव ठेवलं तर, या भीतीनेही तिला लवकर उजवलं जातं. मुलीचा शरीरसंबंध लग्नाआधी येऊ नये म्हणून लग्नच आधी उरकायचं, याचा परिणाम असा की तो कोवळ्या वयात, अनोळखी माणसाबरोबर आणि तिला न विचारता येतो. मुलगी १८च्या आतली असेल तर हा संबंध पत्नीशी असला तरी बलात्कारच ठरतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७चा निर्णय आहे.

कायदेशीर वयात ठरवून झालेल्या लग्नातही पहिल्या रात्रीचं दडपण असतं. चार-पाच भेटींची ओळख, लग्नाच्या धावपळीचा थकवा, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि सगळ्यांना ठाऊक की आज काय अपेक्षित आहे. त्या रात्री काही घडलंच पाहिजे असा नियम नाही. साखरपुडा आणि लग्न यांच्यामध्ये जो वेळ मिळतो त्यात या विषयावर बोला: आपण घाई करणार नाही, मूल कधी हवं, तोवर कोणतं साधन वापरायचं. सासूबाईंनी सहा महिन्यांत ‘गोड बातमी’ विचारली तर उत्तर नवऱ्याने द्यावं. ‘आई, आम्ही ठरवू’ हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं की सुनेवरचा निम्मा भार उतरतो.

पहिल्या वेळी रक्त आलंच पाहिजे हा समज तर अनेक मुलींचं आयुष्य उद्ध्वस्त करून गेला आहे. योनीपटल काहींचं जन्मतःच विरळ असतं, काहींचं लवचिक असतं, अनेकींना पहिल्या वेळी रक्त येतच नाही. कौमार्य तपासणारी कुठलीही चाचणी शास्त्रात नाही. कंजारभाट समाजातल्या तरुण-तरुणींनी २०१८च्या सुमारास जातपंचायतीच्या कौमार्य चाचणीविरुद्ध उघडपणे मोहीम सुरू केली, बहिष्कार आणि मारहाण सोसली, तरी ते हटले नाहीत. दबाव समाजाचा असला तरी समाजातलेच तरुण तो मोडू शकतात, हे त्यांनी दाखवून दिलं.

आईवडिलांसाठी

अनेक पालकांना वाटतं की या विषयावर बोललं तर मुलांच्या डोक्यात नको ते भरेल. याच भीतीने २००७ साली महाराष्ट्रात शाळांमधला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम रोखला गेला. पुरावा मात्र उलट दिशेला आहे. युनेस्कोने २००९ मध्ये आणि सुधारून २०१८ मध्ये लैंगिकता शिक्षणाविषयी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यासाठी जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला. अशा शिक्षणामुळे मुलं लवकर शरीरसंबंधांकडे वळत नाहीत, उलट काही ठिकाणी ती थांबतात आणि पुढे साधनं अधिक नेमाने वापरतात, असं त्यात दिसून आलं. अमेरिकेत १२ हजारांहून अधिक किशोरवयीन मुलामुलींच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास १९९७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना आईवडिलांशी जवळीक वाटत होती, ती मुलं शरीरसंबंधांकडे उशिरा वळत होती.

नुसत्या शपथेने काय होतं हेही अमेरिकेने पाहिलं आहे. लग्नापर्यंत ब्रह्मचर्य पाळण्याची जाहीर शपथ लाखो मुलांनी घेतली. पीटर बेअरमन आणि हॅना ब्रुकनर यांनी २००१ मध्ये दाखवलं की शपथ घेणाऱ्यांपैकी अनेकांचा पहिला संबंध लांबला. पण ज्यांची शपथ मोडली, त्यांनी त्या वेळी गर्भनिरोधक वापरण्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी होतं. मनाई केली आणि माहिती दिली नाही, तर मूल संकटात एकटं पडतं.

महाराष्ट्राला हे सांगणारा माणूस शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू होईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक तोट्यात चालवलं. या कामापायी प्राध्यापकी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले. लैंगिक प्रश्नांबद्दल लोकांना शास्त्रीय माहिती मिळालीच पाहिजे हा कर्व्यांचा आग्रह होता. आजही गडचिरोलीत डॉ. राणी बंग ‘तारुण्यभान’ या शिबिरांमधून आणि पुण्यात ‘तथापि’सारखी संस्था हेच काम करत आहेत.

घरी सुरुवात कशी करावी? एकदम भाषण देऊ नका. बातमी, मालिका, नात्यातलं एखादं लग्न यांवरून विषय निघतो तेव्हा मूल काय म्हणतंय ते ऐका. मुलीला जे सांगता ते मुलालाही सांगा, कारण संमतीचा धडा मुलाला अधिक लागतो. तुमची मूल्यं स्पष्ट सांगा: ‘आम्हाला वाटतं तू लग्नापर्यंत थांबावंस’ असं म्हणायला काहीच हरकत नाही. पण त्याला जोडून हेही सांगा: ‘काहीही झालं तरी आधी आमच्याकडे ये, आम्ही ओरडणार नाही.’ हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे, आणि वेळ आली तर ते पाळावं लागतं.

स्वतःला विचारायचे चार प्रश्न

ब्रिटनमध्ये दर दहा वर्षांनी लैंगिक वर्तनाची राष्ट्रीय पाहणी होते. २०१० ते २०१२ मधल्या पाहणीतल्या १७ ते २४ वयाच्या तरुणांच्या उत्तरांचा अभ्यास करताना संशोधकांनी केवळ वय पाहिलं नाही, चार गोष्टी पाहिल्या. सुमारे ४० टक्के तरुणींनी आणि २६ टक्के तरुणांनी सांगितलं की पहिल्या शरीरसंबंधाची वेळ योग्य नव्हती. जिथे लग्नाआधीच्या संबंधांना समाजाची फारशी आडकाठी नाही, तिथेही ही अवस्था आहे. त्या चार गोष्टी आपल्यालाही लागू आहेत; प्रश्नांच्या रूपात त्या अशा.

पहिला प्रश्न: हा निर्णय माझा आहे का, की मित्रांच्या बोलण्याने, दारूमुळे किंवा कुणाच्या हट्टामुळे होतो आहे? दुसरा: आम्ही दोघंही सारखेच राजी आहोत का, की एक जण ओढतो आहे आणि दुसरा मागून चालला आहे? तिसरा: गर्भधारणा आणि संसर्ग टाळण्याची सोय आत्ता, इथे, हाताशी आहे का? चौथा: माझ्या अभ्यासाच्या, नोकरीच्या, घरच्या परिस्थितीत आणि मनाच्या अवस्थेत ही वेळ मला योग्य वाटते का? चारही प्रश्नांना मोकळं ‘हो’ येत नसेल तर थांबा. थांबण्याने काहीही बिघडत नाही.

तयारी काय हवी

निरोध हे एकच साधन गर्भधारणा आणि लैंगिक संसर्ग या दोन्हींपासून संरक्षण देतं. सरकारी आरोग्य केंद्रांत तो मोफत मिळतो. किशोरवयीन मुलांसाठी महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ नावाची सल्ला केंद्रं आहेत. एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रांत मोफत आणि गोपनीय असते; माहितीसाठी १०९७ वर फोन करा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची लस शरीरसंबंध सुरू होण्यापूर्वी घेतली तर सर्वाधिक उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली लसही आता उपलब्ध आहे.

निरोध फाटला किंवा वापरला गेला नाही तर तातडीची गर्भनिरोधक गोळी ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. ती नेहमीचं साधन नाही आणि संसर्ग रोखत नाही. एचआयव्हीच्या संसर्गाची शंका असेल तर प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात, म्हणून सरळ सरकारी रुग्णालय गाठा. पाळी चुकली तर घरगुती उपाय करू नका, औषधाच्या दुकानातून स्वतःहून गर्भपाताच्या गोळ्या आणू नका, तपासणी करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. २०२१ मध्ये सुधारलेल्या कायद्यानुसार १८ पूर्ण केलेल्या स्त्रीच्या गर्भपातासाठी फक्त तिची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची किंवा पालकांची नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अविवाहित स्त्रीलाही हा हक्क विवाहितेइतकाच आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी स्पष्ट केलं. जबरदस्ती झाली असेल तर ११२ किंवा १८१ वर फोन करा. तपासणी आणि उपचार नाकारण्याचा अधिकार कुठल्याही रुग्णालयाला नाही.

ज्यांना लग्नापर्यंत थांबायचं आहे त्यांनी कुणापुढे मान खाली घालू नये. ज्यांचा संबंध येऊन गेला आहे आणि आता पश्चात्ताप होतो आहे, त्यांनी स्वतःला डागाळलेलं समजू नये. एकदा ‘हो’ म्हटलं म्हणून पुढच्या वेळी ‘हो’ म्हणणं भाग नसतं. ज्यांना आपल्याच लिंगाच्या व्यक्तीबद्दल ओढ वाटते त्यांच्यावर लग्नाचा दबाव दुप्पट असतो. ६ सप्टेंबर २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून प्रौढांमधला राजीखुशीचा समलिंगी संबंध गुन्हा राहिलेला नाही. आणि ज्यांना शरीरसंबंधाची इच्छाच होत नाही, त्यांनाही तसंच राहण्याचा पूर्ण अधिकार आहे.

आज थोडा वेळ काढून एक यादी करा: या विषयावर तुमच्याशी कोण काय बोलतं, आणि त्यात तुमचं स्वतःचं मत नेमकं कोणतं. ते मत जोडीदाराला सांगा, एका विश्वासू मोठ्या माणसाला सांगा. तुम्ही आई किंवा वडील असाल, तर मुलाला आणि मुलीला ते विचारा आणि शांतपणे ऐकून घ्या. या निर्णयाची जबाबदारी शेवटी तुमच्याच अंगावर येणार आहे, म्हणून त्याची वेळही तुम्हीच ठरवा.